४५च्या स्पीडला सायकलला टायर कुठला घालू?

या वेळचं पत्र डिचोलीहून आलंय. थोडं कापून देते.

"ताई नमस्कार. माझं वय २४, पणजीत पाटोला एका ऑफिसात नोकरी करतो. रोजचा रस्ता डिचोली, मये, चोडण, तिथनं फेरीबोट पकडून रायबंदर आणि मग कॉजवेवरून पणजी. घरी जुनी २६ची गिअरवाली सायकल पडून होती, तिच्या मागच्या चाकात १००० वॉटची हब मोटर आणि ४८ व्होल्टची बॅटरी बसवून घेतली. सपाट रस्त्याला ४५ जाते. टायर मात्र जुनेच, गाठीवाले. परवा मागच्या टायरची हवा एकदम गेली, बघितलं तर ट्यूबचा वॉल्व मुळातनं फाटलेला. चढ होता म्हणून स्पीड कमी होता. आता टायर बदलायचेत. मित्र म्हणतो टीव्हीएस एक्सएलचा टायर घाल, परत बघायला नको. दुकानदार म्हणतो गाठीवालाच घे, पावसात ग्रिप मिळते. तिसरा सांगतो पंक्चरचं जेल भर आणि विसरून जा. बजेट कमी आहे म्हणून आधी मागचा एकच भारीतला घेतो, पुढचा दोन-तीन महिन्यांनी. तुम्ही काय म्हणता?"

अरे, सगळ्यात आधी तुझं शेवटचं वाक्यच उलटं करते. पैसे एकाच चांगल्या टायरचे असतील तर तो पुढे जाईल. मागे नाही. मोटर मागे आहे, वजन मागे आहे, पंक्चर पण मागेच जास्त होतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मागचाच महत्त्वाचा, आणि मागचा लवकर झिजतो हे खरंच आहे. पण मागच्या चाकाची हवा गेली तर सायकल डोलायला लागते, बुडाखाली कळतं, थ्रॉटल सोडून हँडल सरळ धरलंस तर बहुतेक वेळा थांबता येतं. पुढच्याची हवा ४५ला गेली तर टायर रिमवर आडवा लोळतो आणि हँडल तुझं ऐकत नाही. ४५ म्हंजे सेकंदाला साडेबारा मीटर, तुझ्या २६च्या चाकाचे सेकंदाला साधारण सहा फेरे, म्हणजे काय झालं हे डोक्यात शिरायच्या आत तू रस्त्यावर असतोस. म्हणून नवा टायर कायम पुढे, आणि पुढचा जो बऱ्या अवस्थेतला निघेल तो मागे, ही सवयच लावून घे.

आता स्पीडबद्दल जे बोललं जातं त्यात अर्धंच खरं असतं. सायकलचा टायर ४५ला फुटतोच असं काही नाही. रेसवाले घाट उतरताना ७०-८०ने जातात, तेही बोटभर रुंदीच्या टायरवर. पण त्यांची सायकल सात-आठ किलोची असते, खड्डा दिसला की ते सीटवरनं उठतात, आणि तो वेग काही मिनिटांचा असतो. तुझं गणित वेगळं आहे. सायकल, मोटर, बॅटरी, तू आणि पाठीवरची बॅग धरून शंभरच्या वर वजन, त्यातलं निम्म्याहून जास्त मागच्या चाकावर, तू बसूनच चालवणार, आणि रोज जाऊन येऊन तोच स्पीड. २५ऐवजी ४५ने गेलास की जोर सव्वातीन पटीच्या जवळ जातो कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतर पण त्याच हिशोबाने वाढतं. खड्ड्याच्या काठावर जो दणका २५ला नुसता कमरेला कळायचा तोच ४५ला ट्यूब रिमच्या दोन कडांमधे चिमटून दोन समांतर चिरा पाडतो. पंक्चर काढायला गेल्यावर अशा दोन चिरा जोडीने दिसल्या तर ते खिळ्याचं काम नाही, हवा कमी होती आणि दणका बसला एवढं समजायचं.

तुझा वॉल्व मुळातनं फाटला तो मात्र दणक्याने नाही. हे जरा सविस्तर सांगते कारण हे समजलं नाही तर नवा टायर घालूनही हेच होईल. थ्रॉटल दिलास की मोटर रिमला पुढे ओढते आणि टायर रस्त्याला धरून मागे राहायला बघतो. हवा भरपूर असेल तर टायरची कड रिमला घट्ट दाबलेली असते आणि दोघं एकत्र फिरतात. हवा कमी असेल किंवा टायर रिमवर ढिला बसत असेल तर प्रत्येक पिकअपला टायर रिमवरून केसभर मागे सरकतो. ट्यूब टायरला चिकटून त्याच्याबरोबर जाते, पण वॉल्व रिमच्या भोकात अडकलेला, तो जाणार कुठे? तो हळूहळू तिरका होतो आणि एक दिवस मुळाशी फाटतो. साध्या सायकलला पायाने एवढा जोर लागत नाही म्हणून आपल्या पंक्चरवाल्यांना हे फारसं बघायला मिळत नाही, ते सरळ ट्यूबच खराब निघाली म्हणतात.

हे पकडायची सोपी युक्ती आहे. टायर बसवून झाला की पांढऱ्या पेंटने किंवा खडूने एक आडवी रेघ मार, अर्धी टायरच्या बाजूवर आणि अर्धी रिमवर. आठवडाभराने बघ. दोन्ही अर्ध्या रेघा समोरासमोर असतील तर सगळं ठीक. टायरवरची रेघ बोटभर जरी सरकली असेल तर हवा वाढव, आणि तरीही सरकत असेल तर टायर आणि रिमचं जमत नाहीये, तो टायर काढ. वॉल्वकडे पण नजर टाकत जा, तो रिममधनं काटकोनात बाहेर यायला पाहिजे. तिरका दिसला तर हवा सोड, टायर सरकवून वॉल्व सरळ कर आणि परत भर. वॉल्वचा नट पान्याने आवळू नकोस, नुसता बोटांनी टेकव, कारण आवळलेल्या नटाने वॉल्व अजिबात हलत नाही आणि सगळा ताण मुळाशी जातो. आणि तुझ्या डिस्प्लेच्या सेटिंगमधे सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे मोटरने जोर हळूहळू द्यायची सोय, असेल तर तो चालू कर, उभ्या गाडीला एकदम फुल थ्रॉटल देणं बंद कर, निम्मा त्रास तिथेच संपतो.

आता मित्राच्या एक्सएलच्या टायरचं. तो तुझ्या रिमवर बसणारच नाही. टीव्हीएस एक्सएल १००चा टायर २.५०-१६, तुझा २६, आणि हे दोन आकडे एका मापाचेच नाहीत. मोटारसायकल-मोपेडच्या टायरवरचा १६ हा रिमचा इंचातला व्यास, म्हणजे साधारण ४०५ मिलिमीटर. सायकलवरचा २६ हा टायर धरून बाहेरनं बाहेर मोजलेला जुना ढोबळ आकडा, तुझ्या रिमचा खरा व्यास निघतो ५५९ मिलिमीटर. घोळ होतो तो छोट्या २०च्या चाकांवर, घडीच्या सायकली आणि जाड टायरवाल्या ई-सायकली असतात ना, त्यांची रिम ४०६ असते, मोपेडच्या इतकी जवळ की लोक ठोकून-ठोकून मोपेडचा टायर चढवतात. तो चढला तरी करायचं नाही. सायकलच्या रिमची खोबण मोपेडच्या टायरच्या जाड कडेसाठी बनलेलीच नाही, कड नीट बसत नाही, आणि कड अर्धवट बसलेला टायर वळणावर काय करेल ते आधी कळत नाही. कोणाला मोपेडचाच टायर हवा असेल तर त्याने मोपेडची रिम, जाड तारा घेऊन चाक नव्याने विणून घ्यावं, आणि मग ती सायकल राहिली नाही हे पण मान्य करावं.

मित्राच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. मोपेडच्या टायरवर वजन आणि स्पीड छापलेला असतो. एक्सएलच्या टायरवर ४१ एल लिहिलेलं दिसेल, ४१ म्हणजे १४५ किलोपर्यंत वजन आणि एल म्हणजे ताशी १२०पर्यंत. आपल्याकडच्या साध्या सायकल टायरवर असं काही नसतं, फक्त साइज आणि हवेचा आकडा असतो, त्यामुळे दुकानदार "चालेल हो" म्हणतो आणि आपण विश्वास ठेवतो. पण सायकलच्या मापातच असा छापील भरवसा देणारे टायर आता मिळतात. युरोपात ४५पर्यंत जाणाऱ्या ई-सायकलींची वेगळी कॅटेगरी आहे आणि त्यांच्या टायरसाठी ईसीई आर-७५ नावाचा नियम आहे. श्वाल्बे कंपनी असे पास झालेले टायर ई-५० म्हणून विकते, म्हणजे ५०पर्यंत चालणाऱ्या ई-सायकलसाठी, आणि त्यांचाच ई-२५ हा साध्या २५वाल्यांसाठी. मॅरेथॉन प्लस, बिग बेन प्लस ही नावं बघ, पण तुझ्या साइजला ई-५० लिहिलंय का ते वाचूनच पैसे दे, सगळ्या साइजला तो शिक्का असतो असं नाही. महाग आहेत, तुझं बजेट मोडेल, म्हणूनच म्हणते असा एक घे आणि पुढे घाल.

साइज वाचायला शिक, हे दुकानदारावर सोडू नकोस. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ५०-५५९ असं काहीतरी उठवलेलं असतं, पहिला आकडा फुगलेल्या टायरची रुंदी मिलिमीटरमधे आणि दुसरा रिमचा व्यास. फक्त दुसरा आकडा रिमशी जुळला पाहिजे, तिथे एक मिलिमीटर पण माफ नाही. नुसत्या २६वर जाऊ नकोस कारण २६ नावाच्या तीन-तीन वेगळ्या रिम आपल्या बाजारात फिरतात. गिअरवाल्या सायकलचा २६ x १.९५ किंवा २६ x २.० हा ५५९, लेडीज सायकलला येणारा २६ x १ ३/८ हा ५९०, आणि २६ x १ १/२ हा ५८४. दशांशात लिहिलेला टायर आणि अपूर्णांकात लिहिलेला टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत, दिसायला आकडा एकच वाटला तरी. मोठा टायर लहान रिमवर हाताने सहज चढतो, दुकानात फिरवून बघितला तर बरा पण वाटतो, आणि हवा भरली की कडेवरून उडतो. टायर चढवताना फारच सोपा गेला तर खूश होऊ नकोस, संशय घे.

रुंदी तुझ्या रस्त्याला दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर. बारीक टायर पळतो बरा, पण खड्ड्यात मार खातो. अडीच इंची घेतलास तर तुझ्या जुन्या बारीक रिमवर तो वर गोल फुगतो आणि वळणावर आडवा झुकतो. रिमची आतली रुंदी फूटपट्टीने मोज, टायर तिच्या साधारण दीड ते सव्वादोन पटीत बसला पाहिजे.

गाठीवाल्या टायरबद्दल दुकानदाराशी मी अजिबात सहमत नाही. गाठी मऊ मातीत रुतून धरतात, डांबरावर उलट जमिनीला टेकणारं रबरच कमी होतं, आणि ४५ला वळलास की त्या गाठी वाकतात, चाक सरकल्यासारखं वाटतं, मधेच एकदम सुटतं. आवाज येतो, बॅटरी पण जास्त खाते. पावसाचं म्हणशील तर कारच्या टायरला पाणी बाहेर काढायला खाचा लागतात कारण तो रुंद असतो आणि हवेचा दाब कमी असतो. सायकलचा टायर अरुंद आणि दाब जास्त, तो पाणी स्वतःच कापत जातो. विमानाच्या टायरवरून काढलेलं एक सूत्र आहे त्याप्रमाणे ४० पीएसआयच्या टायरला पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग लागतो, तिथपर्यंत तू जाणार नाहीस. ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ती पाण्यावर तरंगून नाही, रबर कडक असतं म्हणून आणि रस्त्यावर तेल-चिखल असतो म्हणून. तेव्हा मधे जवळजवळ सपाट, बाजूंना बारीक नक्षी आणि चांगलं मऊ रबर असा रोडचा टायर घे. नखाने दाबून बघ, नवा असून प्लॅस्टिकसारखा कडक लागला तर तो ठेव तिथेच. आणि बाजूवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला.

तुझ्या रस्त्यावर तर ओलं लोखंड पण आहे. फेरीबोटीचा रॅम्प आणि त्याच्या आधीचा शेवाळलेला उतार, तिथे जगातला कुठलाच टायर धरत नाही. चोडणला लोक बोट सुटेल म्हणून उतारावर गाडी सोडतात, तसं करू नकोस. मोटर बंद कर, सरळ चाकाने जा, रॅम्पवर हँडल वळवू नकोस आणि पुढचा ब्रेक दाबू नकोस, त्यापेक्षा उतरून ढकललेली बरी. पहिल्या पावसात लाल मातीचा जो पातळ थर डांबरावर येतो तो पण असाच. मातीच्या चढउतारांवरून, खास करून जिथे खडीचे ट्रक वळतात त्या वळणांवर, पहिले चार-पाच चांगले पाऊस पडून रस्ता धुऊन निघेपर्यंत २०च्या वर जायचं काही कारण नाही.

हवा. टायर कितीही भारी घेतलास आणि हवा अंदाजाने भरलीस तर पैसे पाण्यात. दोन इंची टायर, तुझं वजन साधारण सत्तर-पंचाहत्तर धरून पुढे ४० आणि मागे ५० पीएसआय, एवढ्यावर सुरू कर. बाजूवर कमीत कमी-जास्तीत जास्त जे छापलंय त्याच्या आतच राहायचं. अंगठ्याने दाबून कळतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, ३० आणि ५० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. गेज लागतोच. पण तुझ्या ट्यूबला जर साध्या सायकलचा वॉल्व असेल, आत रबरी नळी असलेला, तर त्यावर गेज चालत नाही. मोटारसायकलसारखा वॉल्व असलेली ट्यूब घे, रिमचं भोक त्याच मापाचं चालतं, आणि गेजवाला फूटपंप घरी ठेव. पेट्रोलपंपावरचं मशीन गाड्यांसाठी असतं, सायकलच्या ट्यूबमधे हवा मावते थोडीशी, दोन सेकंदांत आकडा पुढे निघून जातो. नाइलाजाने तिथे भरावी लागलीच तर टुक-टुक करून थोडी-थोडी मार आणि प्रत्येक वेळी गेज बघ. आठवड्यातून एकदा सकाळी, सायकल उन्हात तापायच्या आधी मोजायची. चांगल्या ट्यूबमधनं सुद्धा हवा हळूहळू जातेच.

मागचा टायर परवडेपर्यंत काय, तर आयएसआय मार्कवाला देशी कंपनीचा दोन इंची रोड टायर घाल, तारेच्या कडेचा, आतनं पंक्चर रोखायचा जाड थर असलेला. जुना गाठीवाला एक दिवस पण चालवू नकोस. आणि तोवर स्पीड कमी. डिस्प्लेमधे स्पीड लिमिट सेट करता येते, ती २५वर आणून ठेव.

जेल वाईट नाही. काटा, बारीक तार, कॉजवेच्या कडेला पडलेली काचेची बारीक किरचं, एवढ्याला ते भोक बुजवतं आणि हवा हळू जाते म्हणून थांबायला वेळ मिळतो, पुढच्या चाकात तर जरूर भर. पण चिमटलेल्या ट्यूबला, वॉल्वच्या मुळाला किंवा टायरच्या बाजूच्या चिरेला जेल काहीही करत नाही. विसरून जा असं म्हणणारा तुला फसवतोय. रायबंदरला पोचलास की ऑफिसात जायच्या आधी टायर एकदा फिरवून बघायची सवय लाव, रुतलेली काच पहिल्या दिवशी रबराच्या वरवर असते, नखाने निघते, रोज दाबली जात-जात आठवड्याने ट्यूबपर्यंत पोचते.

रिमबद्दल तू काही लिहिलं नाहीस आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. जुनी गिअरवाली सायकल म्हंजे पुढची रिम बहुतेक स्टीलची, चमकणारी. स्टीलच्या ओल्या रिमवर ब्रेकचं रबर नुसतं घसरतं, पावसात थांबायचं अंतर कितीतरी वाढतं, आणि ४५च्या स्पीडला हे चालणारच नाही. शिवाय काही स्टीलच्या रिमला आतनं कड अडकवायची खाच नसते, जास्त हवेला टायर निसटू शकतो. डबल वॉलची अॅल्युमिनियम रिम घाल, आतल्या स्पोकच्या टोकांवर नीट रिमटेप, आणि शक्य असेल तर पुढे डिस्क ब्रेक. ब्रेक शू पण तपास, तिरका बसलेला शू टायरची बाजू घासतो आणि आतला धागा उघडा पडतो, बाहेरनं काळी रेघ दिसते एवढंच. मागच्या चाकाच्या तारा ढिल्या होतात मोटरच्या ओढीने, महिन्याने एकदा आऊट काढून घे, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करून घे. आणि मोटरच्या एक्सलला टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल जागेवर फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवायची पट्टी, लावलाय का? नसेल तर टायरच्या आधी तो.

टायर कधी टाकायचा हे पण सांगते. बाजूवर केसासारख्या भेगा, कुठेही धागा दिसला, मधला भाग चपटा-गोटा झाला, किंवा चाक उचलून फिरवल्यावर एका जागी फुगवटा उडी मारताना दिसला तर त्याच दिवशी बाद. फुगवटा म्हंजे आतले धागे तुटलेत, तो फुटणारच. आपल्या उन्हात आणि दमटपणात रबर लवकर मरतं, कमी वापरलेला टायर पण. दोन वर्षं खळ्यात उभ्या असलेल्या सायकलचे टायर "नवीनच आहेत" म्हणून वापरणारे खूप आहेत.

आता जे तू विचारलं नाहीस पण मला सांगायलाच हवं. आपल्याकडे पॅडलवाली ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही ती मोटर २५० वॉटच्या आत असेल आणि २५ला, किंवा पॅडल मारणं थांबवल्यावर त्याआधीच, मोटर बंद होत असेल तरच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलंय. तुझी १००० वॉटची, नुसत्या थ्रॉटलवर ४५ जाणारी सायकल त्यात बसत नाही. लिमिट २५ लावलीस तर अंगाला धोका कमी होईल पण मोटर तीच राहते, कायद्याचा प्रश्न सुटत नाही. पेट्रोल इंजिनचं किट लावणाऱ्यांनी पण लक्षात घ्या, सूट आहे ती २५ सीसीपर्यंत, बाजारातली किटं बरीच त्याच्या वरची असतात. पोलीस अडवतील की नाही हा मुद्दा मला तितकासा मोठा वाटत नाही. चोडणच्या रस्त्यावर शाळेतलं पोर आडवं आलं आणि धडक बसली तर नोंदणी नाही, विमा नाही, भरपाई तुझ्या आणि तुझ्या आईवडिलांच्या खिशातून, आणि त्या पोराच्या घरच्यांचं काय ते वेगळंच. तुला रोज खरंच ४५ लागत असेल तर नंबरप्लेटवाली इलेक्ट्रिक स्कूटर सेकंडहँड बघ, आणि सायकलला २५० वॉटच्या आतली मोटर घालून घे. फेरीबोटीची वाट बघण्यात जेवढा वेळ जातो त्यापुढे २५ आणि ४५ मधला फरक किती उरतो ते एकदा घड्याळ लावून बघ.

नवा टायर बसवल्यावर आधी थोडीच हवा भर, चाक हळू फिरवत दोन्ही बाजूंना बघ. कडेजवळ टायरवर एक बारीक उठावदार रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडाली असेल तर तिथे ट्यूब दबली असेल किंवा कड बसली नसेल, हवा सोडून हाताने मळून परत भर. पहिले काही दिवस हळू चालव, नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो. आणि मला दोन फोटो पाठव, रिमच्या आत छापलेला आकडा आणि पुढच्या चाकाचा ब्रेक, म्हणजे रिम बदलायची की नाही ते नक्की सांगता येईल.